डोक्यात गुठळी झाली अन् डॉक्टर पोळीबद्दल विचारून राहिले

आलेलं पत्र (नाव काढलंय, थोडं छोटं केलंय):

"ताई नमस्कार. आम्ही सक्करदऱ्याचे. माझ्या सुनेचं, वय २८, मे महिन्यात डोकं दुखायला लागलं. आम्हाला वाटलं ऊन लागलं, कांद्याचा रस लावला, पन्हं पाजलं. एका दवाखान्यात मायग्रेन म्हणाले, सीटी स्कॅन नॉर्मल आला. तीन आठवड्यांनी सकाळी बाथरूममध्ये फिट येऊन पडली. मग दुसरीकडे नेलं, एमआरआयमध्ये मेंदूच्या शिरेत गुठळी निघाली. पोटावर इंजेक्शनं दिली, आता रक्त पातळ करायची गोळी चालू आहे. हिमोग्लोबिन ७.४ होतं, ते लग्नापासूनच कमी, गोळ्या घेऊन वाढतच नाही. पाळीसाठी हार्मोनच्या गोळ्या चालू होत्या, आधी म्हणाले त्यानेच झालं. आता कोणतीतरी टीटीजी टेस्ट केली अन् म्हणून राहिले गव्हाचा आजार आहे, तोंडातून दुर्बीण टाकून आतड्याचा तुकडा काढायचा. तिचं पोट कधी दुखत नाही, जुलाब नाही, पोळ्या खाऊनच तर मोठी झाली. हे पैसे काढायचं काम तर नाही ना? जावई म्हणतात आजपासूनच गहू बंद करा, तुकडा कशाला काढायचा. अन् दोनदा तिचं पोटातलं गेलं, नातवंडाची वाट पाहून राहिलो, त्याचं काय? – एक सासू"

ताई, नमस्कार.

सगळ्यात आधी जावयांना फोन लावा अन् सांगा की दुर्बीण होईपर्यंत गहू बंद करायचा नाही. बाकीचं नंतर वाचलं तरी चालेल. मला कळतं हे उलटं वाटतं, ज्याने आजार झाला तेच खाऊ घाला म्हणते ही बाई. पण या तपासणीचा मामलाच असा आहे की पोटात गहू जात असेल तरच आतड्यावरची खूण दिसते, गहू बंद केला की रक्तातल्या त्या, टीटीजी टेस्टमध्ये दिसणाऱ्या अँटीबॉडी उतरायला लागतात, आतडं भरून यायला लागतं, अन् मग तुकडा काढला तर रिपोर्ट गोलमोल येतो, ना धड हो ना धड नाही. असा अर्धवट रिपोर्ट घेऊन जन्मभर पथ्य कोण पाळणार? दोन वर्षांनी कोणीतरी लग्नात म्हणेल अगं तुला कुठे काय होतं, घे एक गुलाबजाम, अन् ती घेईल. म्हणून रोजच्या दोन पोळ्या चालू ठेवा. इतकी वर्षं खाल्ल्या, अजून आठ-पंधरा दिवसांनी आभाळ कोसळत नाही, फक्त दुर्बिणीची तारीख लवकरची घ्या. अन् आधीच बंद करून बसले असाल तर लपवू नका, नेमके किती दिवस झाले ते डॉक्टरांना सांगा, ते परत सुरू करून काही आठवडे थांबायला सांगतील.

आता ते पैसे काढायचं काम. नाही ताई. मला तर त्या डॉक्टरांचं कौतुक वाटलं, कारण गुठळी सापडली, औषध सुरू केलं, हार्मोनच्या गोळीवर खापर फोडलं अन् फाईल बंद, हे सोपं होतं. त्यांनी तुमच्या त्या ७.४ वर बोट ठेवलं. ही पोरगी लग्नापासून आयर्न खाऊन राहिली तरी हिमोग्लोबिन वाढत काहून नाही, हा प्रश्न खरं तर पाच वर्षांआधी कोणीतरी विचारायला पाहिजे होता.

हे मी दुसऱ्यांवर ढकलत नाही बरं का. नोकरीत होते तेव्हा माझ्या ओपीडीत एक शाळेतली बाई यायची, चेहरा पांढरा फटक, पायऱ्या चढली की धाप. चार वर्षं मी तिला आयर्नच्या गोळ्या बदलून बदलून दिल्या, ही नाही सोसत तर ती घे, गूळ-शेंगदाणे खा, लोखंडी कढईत भाजी कर, जंताची गोळी घे, अन् दर वेळी मनात म्हणायची की ही गोळ्या घेतच नसेल. ती घेत होती. शेवटी अंगणात साधी घसरून पडली अन् मनगट मोडलं, अन् त्या हाडवाल्या डॉक्टरांनी विचार केला की या वयात इतकं ठिसूळ हाड कसं, अन् टीटीजी लिहून दिली. म्हणजे पोटाचा आजार हाडवाल्याने पकडला अन् मी फिजिशियन असून चार वर्षं खजूर सांगत बसले. आमच्या शिक्षणात सीलिॲक, म्हणजे हाच गव्हाचा आजार, उत्तरेकडच्या लहान पोरांचा, पोट फुगलेलं, जुलाब, वजन नाही, दोन ओळीत धडा संपायचा. नंतर दिल्लीच्या बाजूला लोकांची तपासणी केली तेव्हा साधारण शंभरात एक जण निघाला, अन् त्यातल्या पुष्कळांना माहीतच नव्हतं.

म्हणून "पोट तर दुखत नाही" हे तुमचं वाक्य मी खूप वेळा ऐकलंय. मोठ्या माणसांत हा आजार बरेचदा पोटात दिसतच नाही, तो न वाढणाऱ्या हिमोग्लोबिनमध्ये दिसतो, हाडात दिसतो, सारखं तोंड येण्यात दिसतो, थकव्यात दिसतो, अन् हो, दोनदा पोटातलं जाण्यातही दिसू शकतो. क्वचित डोक्यातल्या गुठळीत. "पोळ्या खाऊनच मोठी झाली" हेही बरोबर आहे, पण हा आजार कोणत्याही वयात जागा होतो. तो होण्यासाठी लागणारा जीन आपल्यात शंभरातल्या तीस-चाळीस लोकांत असतो, त्यातल्या थोड्याच लोकांना आजार होतो. तुमच्या माझ्यातही असेल.

आता गुठळीचं सांगते. मेंदूत गुठळी म्हटलं की आपल्याला लकवा आठवतो, तो बहुतेक वेळा मेंदूकडे रक्त नेणारी नळी बंद झाल्याने होतो. सुनेचं तसं नाही. तिची गुठळी मेंदूतून रक्त परत नेणाऱ्या शिरांच्या बाजूला झाली. २०२३ च्या सप्टेंबरमध्ये अंबाझरी ओव्हरफ्लो झाला अन् नाग नदीच्या काठच्या घरांत पाणी शिरलं ते आठवतं ना, वरून पाणी येतच होतं अन् खालून जायला जागा नव्हती. तसंच रक्त येत राहतं, निघत नाही, कवटीच्या आतला दाब वाढतो. म्हणून आडवं झालं की डोकं जास्त दुखतं, खोकललं की दुखतं, ओकाऱ्या होतात, नजर धूसर होते, अन् फिट येते. दहातल्या जवळपास नऊ जणांना डोकेदुखी असते, काहींना तर सुरुवातीला फक्त तीच, म्हणून मायग्रेन, ॲसिडिटी, चष्म्याचा नंबर, ऊन, सगळं म्हणून होतं. साध्या सीटीत ही गुठळी बरेचदा दिसतच नाही, त्याला शिरांचा वेगळा फोटो काढावा लागतो, व्हेनोग्राफी म्हणतात. पहिल्या दवाखान्यावर चिडायचा तुम्हाला हक्क आहे, पण नॉर्मल सीटी खोटा नव्हता, अपुरा होता. तीन आठवडे न थांबणाऱ्या डोकेदुखीला नुसता सीटी पुरत नाही, एवढं मी म्हणीन.

अन् कांद्याचा रस लावला म्हणून स्वतःला दोष देऊन राहिल्या आहात ते पत्रातून दिसतं. सोडा ते. मे महिन्यात नागपुरात ४५ डिग्रीत डोकं दुखलं तर कोणालाही ऊनच आठवेल, अन् गंमत म्हणजे तुम्ही अगदीच चुकल्या नाही, शरीरातलं पाणी कमी झालं की शिरांत गुठळी व्हायला मदतच होते.

तुम्ही विचारलं आधी गोळीने झालं म्हणाले आता गव्हाने म्हणतात, खरं कोणतं. दोन्ही, अन् अजून दोन-तीन. शिरेतली गुठळी बहुतेक एका कारणाने होत नाही, चार जण मिळून गाडी ढकलतात तेव्हा होते. इस्ट्रोजेनवाल्या हार्मोनच्या गोळ्यांनी रक्त गोठायची ओढ वाढते, हे तर जुनं माहीत आहे. आयर्न खूप कमी असलं की प्लेटलेट वाढतात, त्याचाही गुठळीशी संबंध दिसतो. त्यात मे महिना. अन् या सगळ्यांच्या मागे कदाचित वर्षानुवर्षं झिजलेलं आतडं.

ते आतडं काय करतं ते समजून घ्या, कारण हे समजलं की पुढचं पथ्य जड जात नाही. लहान आतड्याच्या आतून टर्किश टॉवेलसारखी लव असते, तिच्यामुळे अन्न शोषून घ्यायला जागा मिळते. सीलिॲकमध्ये गहू, जव, राय यांतल्या ग्लुटेनला शरीर शत्रू समजतं अन् त्या भांडणात स्वतःचीच लव कापून टाकतं, टॉवेल गुळगुळीत होतो. सगळ्यात जास्त मार बसतो तो आतड्याच्या अगदी सुरुवातीच्या भागाला, अन् नेमकं तिथेच आयर्न शोषलं जातं. म्हणून तुमच्या सुनेच्या त्या सगळ्या आयर्नच्या गोळ्या गुळगुळीत फरशीवरून पाणी वाहून जावं तशा गेल्या. फॉलिक ॲसिडचंही तेच, बी-१२ सुद्धा कमी पडतं, अन् ही दोन कमी झाली की रक्तात होमोसिस्टिन नावाची वस्तू वाढते जी रक्तवाहिनीच्या आतल्या अस्तराला त्रास देते अन् गुठळीला आमंत्रण देते.

अजून एक आहे, ते मला नेहमी अजब वाटतं. व्हिटॅमिन के कमी झालं की रक्त गोठत नाही, हे सगळ्यांना माहीत. पण गोठणं थांबवणारी प्रोटीन सी अन् प्रोटीन एस हीसुद्धा त्याच व्हिटॅमिनवर बनतात. ब्रेक अन् ॲक्सिलरेटर एकाच गॅरेजमधले. आतड्यातून के नीट शोषलं गेलं नाही तर कोणाला रक्तस्राव होतो अन् कोणाचे ब्रेक आधी ढिले पडतात. काही सीलिॲकवाल्यांत गुठळी करणाऱ्या वेगळ्या अँटीबॉडीही सापडतात. स्वीडनमध्ये सुमारे १४,००० सीलिॲकवाल्यांच्या नोंदी तपासल्या तेव्हा शिरांमध्ये गुठळी होण्याचा धोका इतरांपेक्षा जास्त निघाला. पण घाबरवायचं नाही मला, मेंदूच्या शिरेतच गुठळी होणं अन् त्यावरून सीलिॲक सापडणं हे फार क्वचित होतं, डॉक्टर लोक अशी एकेक केस छापतात इतकं क्वचित. म्हणून गुठळी झालेल्या प्रत्येकाची टीटीजी करा असं मी म्हणणार नाही. गुठळी अन् सोबत न हलणारं हिमोग्लोबिन असेल तर मात्र करा म्हणीन.

डॉक्टरांनी प्रोटीन सी, एस वगैरे टेस्ट आत्ता केल्या नसतील तर त्यावरून भांडू नका. रक्त पातळ करायची ती गोळी चालू असताना ते आकडे तसेही कमीच येतात, त्याचा अर्थ लावता येत नाही, ते नंतर करतात.

दुर्बिणीला घाबरायचं कारण नाही. घसा बधिर करून किंवा थोडी झोप देऊन पाच-दहा मिनिटांचं काम, आतड्याच्या सुरुवातीचे तांदळाच्या कणीएवढे पाच-सहा तुकडे घेतात, दुखत नाही कारण तिथे कापलेलं कळतच नाही. टीटीजी नॉर्मलच्या दहापट वगैरे आली तर लहान मुलांत कधी कधी तुकडा न काढताच निदान करतात, मोठ्यांत मात्र बहुतेक डॉक्टर तुकडा बघूनच जन्मभराचा शिक्का मारतात अन् मला तेच बरोबर वाटतं. टीटीजीसोबत टोटल आयजीए (रक्तातल्या अँटीबॉडीचीच अजून एक टेस्ट) केली का तेवढं विचारून घ्या.

मुख्य प्रश्न आहे गोळीचा. तुम्ही नाव लिहिलं नाही, बहुतेक ॲसिट्रोम किंवा वॉर्फरिन असेल. "दुर्बीण करायची आहे तर गोळी बंद करू का" हे घरी ठरवायचं नाही, मेडिकल स्टोअरवाल्याला तर विचारायचंच नाही. नुसते बारीक तुकडे काढायला ही गोळी बहुतेक वेळा बंद करत नाहीत, आयएनआर, म्हणजे रक्त गोठायला किती वेळ लागतो त्याचा आकडा, ठरलेल्या हद्दीत आहे ना तेवढं आदल्या काही दिवसांत बघतात. पण ते तिच्या मेंदूच्या डॉक्टरांनी अन् पोटाच्या डॉक्टरांनी एकमेकांशी फोनवर बोलून ठरवावं, तुम्ही दोघांचे नंबर एकमेकांना द्या अन् बोलले का म्हणून विचारत राहा, आपल्याकडे पेशंटचे नातेवाईकच पोस्टमन असतात काय करणार.

अन् "कारण सापडलं, आता गहू सोडला की झालं" म्हणून गोळी सोडायची नाही. गहू सोडणं ही गुठळीवरची ट्रीटमेंट नाही. गोळी साधारण तीन महिने ते वर्षभर चालते, किती ते परत केलेला एमआरआय अन् बाकीच्या टेस्ट बघून ठरतं. अन् ही गोळी रक्त पातळ करत नाही हो, रक्त तेवढंच दाट राहतं, फक्त गोठायला वेळ लागतो. आयएनआर बहुतेक २ ते ३ मध्ये ठेवायला सांगतात. तुमच्या सुनेच्या बाबतीत एक वेगळी भानगड होईल ती आत्ताच सांगून ठेवते, गहू बंद झाला अन् आतडं भरून यायला लागलं की तिच्या पोटातून व्हिटॅमिन के जास्त शोषलं जाईल, औषधंही वेगळी शोषली जातील, अन् महिनोन्‌महिने स्थिर असलेला आयएनआर अचानक खालीवर होऊ शकतो. पथ्य सुरू केल्यावर पहिले दोन-तीन महिने ती टेस्ट लवकर लवकर करायची. पालक, मेथी, सांबार (कोथिंबीर) बंद करायचं नाही, रोज जेवढं खाते तेवढंच खायचं, एक दिवस जुडीभर अन् मग आठ दिवस काहीच नाही असं नको. डोकं-अंग दुखलं तर पॅरासिटामॉल चालेल, बाकीच्या दुखण्याच्या गोळ्या, ॲस्पिरिन, कोणाच्या सांगण्यावरून काढा-बिढा, डॉक्टरांना विचारल्याशिवाय काहीच नाही.

रिपोर्ट पक्का आला की मग गहू बंद, अन् बंद म्हणजे पूर्ण बंद. इथे मला तुमच्या स्वयंपाकघरात यावं लागेल.

चांगली गोष्ट ही की तुम्ही वैदर्भीय आहात. आपल्या आजीच्या घरी रोजची भाकरच असायची, पोळी सणाला. ज्वारी, बाजरी, तांदूळ, मका, नाचणी, भगर, राजगिरा, शिंगाडा, सगळ्या डाळी, बेसन, सगळं चालतं. वडाभात चालतो, गोळाभात चालतो, पाटोडीचा रस्सा चालतो, झुणका-भाकर तर काय, सावजीच्या रश्शासोबतही भाकरच चांगली लागते, फक्त बाहेरच्या रश्शाला दाटपणा कशाचा आहे ते विचारून घ्यायचं. चतुर्थीचा अख्खा फराळ चालतो. फक्त साबुदाण्याच्या उसळीवरच दिवस काढू नका, त्यात पिठाशिवाय काही नाही अन् हिला रक्त भरायचं आहे.

फसतो आपण ते लपलेल्या गव्हात. रवा, मैदा, लापशी, शेवया हे कळतं. कुरडया कळत नाहीत, तुम्ही उन्हाळ्यात गव्हाच्या चिकाच्या घातल्या असतील ना, त्या बाद. हिंग! बाजारातल्या डबीतल्या हिंगात बरेचदा गव्हाचं पीठ मिसळलेलं असतं, डबीवर वाचा, अन् ती रोज फोडणीत जाते. दुधात टाकायची माल्टवाली पावडर जवाची असते. सांबारवडीच्या पारीत मैदा असतो. तर्री पोह्यातले पोहे चालतात पण ठेल्यावर जर त्याच कढईत समोसे तळले असतील तर वरचा चिवडा-शेव नको. अन् चक्की, ही सगळ्यात मोठी. गव्हाच्या मागून तुमची ज्वारी दळली की तिच्यात गहू आलाच. चक्कीवाल्याला सांगून सकाळी धुवून-पुसून पहिला घाणा तिचा घ्या म्हटलं तरी मला खात्री वाटत नाही, त्यापेक्षा घरची छोटी चक्की परवडते, ती फक्त तिच्या धान्यासाठी. पोळपाट-लाटणं, चाळणी, तवा वेगळा. पाकिटावर ग्लुटेन-फ्री लिहिलं असेल तर आपल्याकडचा सरकारी नियम किलोमागे २० मिलिग्रॅमच्या आत ग्लुटेन असा आहे, ते चालतं, पण महाग असतं अन् बिस्किटांनी पोट भरत नाही.

एक घासाने काय होतं हे तुम्हाला सगळेच विचारतील. सत्यनारायणाचा प्रसाद येईल. डोक्यातल्या शिरा बंद झाल्या अन् आता हा प्रसादाचा शिराही बंद, असं मी माझ्या पेशंटला म्हणायची, तेवढंच हसायचे. रोज ५० मिलिग्रॅम ग्लुटेन गेलं तरी काही महिन्यांत आतडं परत बिघडतं, अन् ते पोळीच्या अगदी छोट्या तुकड्यात असतं. तुमच्या घरी पूजा असेल तर शिरा भगरीचा करा, देवाला कोणी रव्याचाच पाहिजे असं सांगितलेलं नाही. सासूने एकदा चारचौघांत "आमच्या घरी असाच करतात" म्हटलं की सुनेला प्रत्येक वेळी आजार सांगत बसावं लागत नाही, हे काम तुमच्याशिवाय कोणी करू शकत नाही.

हा सगळा गव्हाचा संबंध सापडला तोही भुकेच्या काळात. विलेम डिके नावाचा हॉलंडचा मुलांचा डॉक्टर होता, दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटच्या हिवाळ्यात, १९४४-४५ मध्ये, तिकडे भयंकर दुष्काळ पडला, ब्रेड मिळेना, लोक ट्युलिपचे कांदे खाऊन राहिले होते. अन् याची ही आजारी पोरं सुधारायला लागली. ब्रेड परत आला तशी परत बिघडली. त्याच्या मनात गव्हाचा संशय आधीपासून होता, १९५० मध्ये त्याने तो प्रबंधात मांडला. तुमच्या सुनेला सांगा, तिला बरं वाटेल.

नातवंडाचं. ताई, हे जरा स्पष्टच सांगते. गुठळीची ही गोळी चालू असताना दिवस जाऊ द्यायचे नाहीत, पहिल्या तीन महिन्यांत या गोळीने बाळात व्यंग येऊ शकतं. पाळी चुकली असं वाटलं तर त्याच दिवशी डॉक्टरला फोन. अन् दिवस जाऊ नयेत म्हणून परत ती इस्ट्रोजेनवाली गोळी घ्यायची नाही, आता नाही अन् पुढेही नाही, प्रत्येक नव्या डॉक्टरला "मला मेंदूच्या शिरेत गुठळी झाली होती" हे तिने पहिलं वाक्य म्हणून सांगायचं. कॉपर टीने पाळीत रक्त जास्त जाऊ शकतं, हिमोग्लोबिन ७ च्या घरात असताना ते नको, सध्या कंडोम, बाकी गायनॅकशी बोला. पण वाट बंद झाली असं समजू नका. पोटातलं दोनदा गेलं त्यामागे हा न ओळखलेला सीलिॲकसुद्धा असू शकतो, पथ्याने आतडं भरलं, आयर्न-फॉलिक ॲसिड भरलं की अशा कितीतरी बायकांची बाळंतपणं नीट होतात. तेव्हा गोळीऐवजी गुठळीची इंजेक्शनं देतात, बाळंतपणानंतरही काही आठवडे. अन् तेव्हा बाळंतिणीला पाणी कमी द्यायचं ही जुनी पद्धत तुमच्या घरात असेल तर ती आत्ताच मोडा, बाळंतपणानंतरचे दिवस अशा गुठळ्यांचे असतात अन् कोरडं पडलं की अजून.

आयर्न आता तोंडाने पुरेल असं वाटत नाही, शिरेतून द्या का विचारा. थायरॉईड, व्हिटॅमिन डी, बी-१२ अन् हाडांची घनता करून घ्या. हातात किंवा कमरेत इंजेक्शन कोणालाही द्यायला देऊ नका, गोळीमुळे तिथे रक्त साचतं.

तिच्या माहेरी आई-वडील, भाऊ-बहीण सगळ्यांना टीटीजी करायला सांगा, जवळच्या नात्यात साधारण दहात एकाला निघू शकतो. पण सांगताना "तुमच्याकडून आलं" असं म्हणू नका हो, ते तुमच्या तोंडून निघेल अशी मला भीती वाटून राहिली म्हणून लिहिलं. आजार संसर्गाचा नाही, कोणाचं पाप नाही. तुमच्या मुलाला लागणार नाही.

परत फिट आलीच तर कांदा, चप्पल, तोंडात चमचा, काही नाही. कुशीवर वळवा, गळ्याभोवतीचं सैल करा, घड्याळ बघा अन् १०८ ला फोन करा. डोकं परत तसंच दुखायला लागलं, नजर धूसर झाली, हात-पाय जड पडला, किंवा संडास काळी डांबरासारखी झाली तर सकाळची वाट पाहायची नाही. एक सांगते म्हणजे झोप लागेल तुम्हाला, या गुठळीतून दहातले जवळपास आठ जण चांगले बरे होतात, अन् तुमची सून तर आता चालून-फिरून राहिली आहे.

दुर्बिणीचा रिपोर्ट आला की त्याचा फोटो पाठवा. त्यात खाली मार्श असा शब्द असेल अन् पुढे एक आकडा, ३ असेल तर लव थोडी किंवा पूर्ण सपाट झाली असं समजायचं. सोबत त्या आठवड्याचा आयएनआर अन् हिमोग्लोबिनही लिहा, मग पोळ्याच्या आधी पुरण कशात भरायचं ते बघू, माझ्याकडे तांदळाच्या पारीची एक पद्धत आहे, फाटते थोडी, पण जमते.